पायवाटा आपल्या मुलखाच्या



आपलं चालणं म्हणजे घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून फडापर्यंत. पाणी कुठल्या सरीत पोचलं हे पाहायला आपण रात्री-अपरात्री कोस-दीड कोस तुडवतो. पण नुसता मुलूख पाहायला म्हणून चालत जावं, हे मनात येत नाही. "कामधंदा सोडून डोंगर कशाला हिंडायचे?" असं वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही. तरी मोठी बांधणी आटोपली, की दोन दिवस काढून आम्ही पाच-सातजण निघतोच. आमच्या पायांखालच्या आवडत्या वाटा इथे सांगतो आहोत.

अमेरिकेत यूटा राज्यात झायन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. वाळवंटी मुलूख, वालुकाश्माचे उभे लाल कडे आणि ते कापत गेलेली व्हर्जिन नदी. तिथली एक नामांकित वाट चक्क नदीच्या पात्रातूनच जाते. काही जागी दोन्हीकडच्या भिंती वीस-तीस फुटांवर येतात. तेवढ्या लांब आपल्याला कोण नेतो? पण नदीनं दगड कसा कापला ते पाहायचं असेल, तर इस्लापूरजवळचं सहस्रकुंड आहे.

बुलढाण्याकडून निघालेली पैनगंगा इथे काळ्या पाषाणावर येते, अनेक धारांनी फुटते आणि खाली घळीत कोसळते. अलीकडे आपला नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. काठाकाठानं खडकांवरून हिंडण्यासारखं सुख नाही. पण याच खडकावर आम्हांला धडा मिळाला, तो आधी सांगितला पाहिजे.

एका श्रावणात आमच्यातला एक तरुण, तालमीत कसलेला गडी, फोटोसाठी धारेजवळ गेला. डोक्यावर लख्ख ऊन होतं. शेवाळावर पाय सटकला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. मागच्यानं उपरण्याचं टोक फेकलं, त्याच्या हाती लागलं, म्हणून निभावलं. काठावर आणून बसवला तेव्हा त्याला बोलता येईना, आणि आम्हांलाही. तासाभरात तो ज्या खडकावर उभा होता, तो खडकच पाण्याखाली गेला. पाऊस आमच्याकडे नव्हताच, तो वरच्या रानात पडला होता.

ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. वर इसापूरचं धरण आहे आणि त्याच्या कालव्यावर आपल्यातल्या कित्येकांचा ऊस उभा आहे. किती क्युसेक सुटलं याची चौकशी आपण पाळीसाठी करतो, तीच चौकशी सहस्रकुंडाला निघताना करावी. झायनमध्ये नदीचा प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला, की पात्रातली वाट बंद करतात. मग कोणी कितीही लांबून आलेला असो. आपल्या गटानं तसाच नियम स्वतःला घालून घेतला आहे : पाणी गढूळ होऊ लागलं किंवा त्यात काडीकचरा वाहताना दिसला, की पाहणं पुरे, काठावर यायचं.

दुसरी वाट माहूरची. रेणुकामातेच्या दर्शनाला आपण सगळेच जातो, पण गाडीनं जातो आणि गाडीनंच परततो. एकदा गावातून पायी निघून पाहा. रेणुकामाता, मग दत्तशिखर, मग अनसूयामाता, अशी डोंगरांची रांगच आहे. सागाच्या रानातून जाताना घाम गाळून शिखर गाठलं, की दर्शनाचा अर्थ वेगळा लागतो. नारळी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा असते, तेव्हा हजारो माणसं पायी चालतात. एकट्यानं जायला भीती वाटत असेल, त्यानं या गर्दीबरोबर जावं. रामगड किल्ला आणि गावालगतची पांडवलेणी चुकवू नयेत.

लातूरकडच्या सभासदांनी म्हणू नये, की सगळं नांदेडलाच दिलं. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. टेकडी लहान, चढ सोपा, नातवंडांना घेऊन जाता येतं. वर कोरलेल्या गुहा आहेत. निजामी राजवटीत रझाकारांशी झुंजणाऱ्यांनी या टेकडीचा आसरा घेतला होता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. तो दिवस गावात झेंडा लावून साजरा होतोच, पण मुलांना घेऊन हत्तीबेट चढलं, तर आजोबांच्या गोष्टीला जागा सापडते.

औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची, जांभ्या दगडात कोरलेली. नृसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय अशी शिल्पं आहेत. याच तालुक्यातल्या किल्लारीवर 30 सप्टेंबर 1993 ला काय कोसळलं, ते आपण विसरलेलो नाही. त्या मुलखात ही लेणी आजही उभी आहेत. त्यांच्यासमोर थोडा वेळ गप्प बसावं, असं आम्हांला वाटतं.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडचा उन्हाळा चालण्याचा नाही. श्रावण ते संक्रांत हाच काळ धरावा. प्रत्येकाजवळ पाणी, गूळ-शेंगदाणे आणि हातात काठी असावी. रबरी चप्पल घालून खडकावर जाऊ नये. निघताना घरी वाट सांगून जावं. आणि नेलेली पिशवी, बाटली परत आणावी. रानात टाकलेलं प्लॅस्टिक शेवटी ओढ्यानं आपल्याच शिवारात येतं.

त्या श्रावणातला तो तरुण दर वर्षी आमच्याबरोबर येतो. आता धारेजवळ कोणी पोरगं गेलं, तर पहिली हाक त्याचीच असते. यंदा आणखी कोणाला यायचं असेल, तर बांधणी उरकून या. आम्ही वाट पाहू.