वेड पांघरून पेडगावला

देवळाली प्रवरेत येणारा लबाडीचा फोन बहुतेक वेळा हिंदीत येतो आणि त्याला गाव ठाऊक नसतं. फोन करणाऱ्यापुढे एक यादी असते. तिच्यात नाव, नंबर आणि फार तर जिल्हा. त्यामुळे ऐकणाऱ्याने भाबडेपणाने विचारलं, "साहेब, कोणती देवळाली म्हणता, कॅम्पाची का प्रवरेची?" की पलीकडचा अडखळतो. नाशिकजवळची छावणीची देवळाली वेगळी आणि राहुरी तालुक्यातली, नगरपालिका असलेली, उसाच्या मळ्यांची देवळाली वेगळी, हे त्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं. आपल्याच बँकेच्या शाखेतून बोलणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. हा प्रश्न खोडसाळ आहे, पण निरुपयोगी नाही. अशा फोनची फिरकी घेणं म्हणजे रिकामटेकड्यांचा टाइमपास, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. योग्य मर्यादेत घेतलेली फिरकी हा या लुटीविरुद्धचा गंभीर उपाय आहे, आणि पोलिसांच्या किंवा बँकांच्या सूचनांना जे साधत नाही ते तिला साधतं.

त्यासाठी आधी हा धंदा चालतो कसा ते जवळून पाहायला हवं. फोन साधारण चार टप्प्यांत पुढे सरकतो. आधी नाव उच्चारून ओळख पक्की केली जाते. मग भीती किंवा लालूच: दोन तासांत सिम बंद होणार, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, आज रात्री वीज तोडणार, किसान सन्मानचा हप्ता अडकलाय. वीज तोडण्याचे संदेश 2022 च्या सुमारास राज्यभर इतके फिरले की महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले. तिसरा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमकं त्याच्याकडेच सहसा लक्ष जात नाही. "फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका." माणसाला त्याच्या माणसांपासून तोडल्याशिवाय चौथा टप्पा, म्हणजे ओटीपी, एपीके फाईल किंवा 'पडताळणीसाठी' पैसे पाठवणं, पार पडत नाही. या चारही टप्प्यांना ठरलेली वाक्यं असतात. पलीकडचा माणूस विचार करत नसतो, वाचत असतो. वाचणाऱ्याला ओळ सोडायला लावली की त्याची पंचाईत होते. आधी तो तेच वाक्य मोठ्याने म्हणतो, मग 'सीनियर'कडे फोन देतो, आणि तेही फसलं की शिवी देऊन फोन आपटतो.

ही वाचनाची शिस्त किती पद्धतशीर असते, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला होता. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि 700 हून अधिक कर्मचाऱ्यांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं. ही मुलं रात्री अमेरिकन नावं धारण करून, तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवत, अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांवरून पैसे उकळत. बोलण्याचा मसुदा छापील होता, उच्चारांचं प्रशिक्षण होतं, आणि कामाची वाटणीही होती: सावज जाळ्यात आणणारे निराळे, शेवटचा घाव घालणारे निराळे. देवळालीतल्या आजींना जो 'सीबीआयचा साहेब' भेटतो, तो याच घराण्यातला. फरक इतकाच की मीरा रोडची पोरं परदेशी माणसाला तिथल्या सरकारची भीती दाखवत होती आणि आता आपल्याच माणसाला आपल्याच सरकारची भीती दाखवली जाते.

आता हिशेब. हजारो नंबरांवर ध्वनिमुद्रित आवाज पाठवायला जवळजवळ काही लागत नाही. खर्च सुरू होतो तो पलीकडे जिवंत माणूस बोलायला बसला की. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहिला. नायजेरियातून ईमेल पाठवणारे ठग आपण नायजेरियातलेच आहोत असं उघडपणे का सांगतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं की गोष्ट मुद्दामच अविश्वसनीय ठेवली जाते. शहाणी माणसं पहिल्याच ओळीला गळून गेली, तर ठगाचा वेळ फक्त फसणाऱ्यांवर खर्च होतो. ठगाला भीती असते ती फसेल असं वाटून शेवटी न फसणाऱ्याची, कारण त्याच्यावर घातलेले तास बुडीत जातात. हर्ली यांचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे: अशी खोटी सावजं वाढली की धंद्याचं गणित बिघडतं. ब्रिटनमधल्या ओटू या दूरध्वनी कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये हेच यंत्राकडून करवून घेतलं. 'डेझी' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची आजीबाई तयार केली. ती विणकामाच्या आणि मांजरीच्या गप्पा मारत ठगांना चाळीस-चाळीस मिनिटं लटकवून ठेवी. आपल्याकडे अशी आजी घडवावी लागणार नाही. श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, आणि मोगल सरदार बहादूरखानाला छोट्या तुकडीमागे धावायला लावून त्याची छावणी मागच्या मागे लुटल्याची कथा तिथलीच सांगितली जाते. वेड पांघरायचं शिक्षण इथल्या माणसाला वेगळं द्यावं लागत नाही.

पण वेळ वाया घालवणं हा फिरकीचा दुय्यम फायदा आहे. देवळालीच्या एका ओट्यावर पाच मिनिटं बुडाल्याने देशभरचा धंदा बुडत नाही. लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार 2023 मध्ये सायबर फसवणुकीत 7,465 कोटी रुपये गेले आणि 2024 मध्ये 22,845 कोटी. एवढ्या पुरापुढे एकट्याची चेष्टा ती केवढी! माझा मुद्दा पैशापेक्षा मनाचा आहे. या फोनचं खरं भांडवल अज्ञान नाही, आज्ञाधारकपणा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना ठगांनी व्हिडिओवर खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, सरन्यायाधीशांचं सोंग आणलं आणि 7 कोटी रुपये काढून घेतले. देशातला मोठा उद्योग चालवणारे गृहस्थ अडाणी होते असं कोण म्हणेल? त्यांनी केलं ते इतकंच की न्यायालयाने सांगितलेलं ऐकलं. सज्जन माणूस ऐकतोच. आपल्या तालुक्यात तर साहेब म्हटलं की उठून उभं राहायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. तलाठी, सोसायटीचा सचिव, वीज मंडळाचा वायरमन, सगळ्यांपुढे आवाज आपोआप खाली येतो. हिंदीत, दरडावून, कलमांची नावं घेत बोलणारा माणूस ही सवय बटणासारखी दाबतो.

म्हणूनच सरकारी जागृतीची गंमत वाटते. ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अटकेबद्दल, म्हणजे व्हिडिओवरच्या अशा खोट्या अटकेबद्दल, सावध केलं, ते चांगलंच झालं. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही हे लाखो लोकांना त्यातून कळलं. पुढे कितीतरी महिने फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातला इशारा ऐकावा लागे. पण इशाऱ्याचा सूर बघा: एक भारदस्त आवाज तुम्हाला काय करा, काय करू नका ते सांगतो आणि तुम्ही मुकाट्याने ऐकता. ठगाचा सूरही तोच असतो. भारदस्त आवाज मानायची सवय पक्की करून भारदस्त आवाजाविरुद्ध लढता येत नाही. फिरकी ही सवय मोडते. "थांबा साहेब, चष्मा घिऊन येते" म्हणून फोन कट्ट्यावर ठेवणारी बाई त्या घटकेला अटकेला घाबरत नाही, कारण खेळ तिच्या हातात आलेला असतो. शिवाय खेळाला प्रेक्षक लागतात. ती हाताने खूण करून सुनेला बोलावते, नातवाला बोलावते, आणि 'कुणाला सांगू नका' हा तिसरा टप्पा तिथेच कोसळतो. एवढं झालं तरी काम झालं.

बरं, साहित्य हाताशीच आहे. रात्रपाळीची थ्री-फेज लाईट आणि पाणी द्यायला गेलेले धनी, मळ्यात नसलेली रेंज, कमी ऐकू येणारा कान, एकाच नावाचे तीन चुलते. "खातं कोणाचं म्हणता? आमच्यात त्या नावाचे तिघं आहेत, एक वारले." बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला विचारावं, शाखेतून राहुरी फॅक्टरीला जायचं तर उजवीकडे वळायचं का डावीकडे? साखर कारखाना कधी सुरू, कधी बंद असला तरी फॅक्टरी हे गावाचंच नाव होऊन बसलंय, हे बाहेरच्याला कुठून कळणार? तो म्हणतो, "कौन सी फॅक्टरी?" तपासणीही झाली आणि करमणूकही. 'मराठीत बोला' एवढं शांतपणे तीनदा म्हटलं तरी पुष्कळांचा धीर सुटतो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. फोन उचलला, बोललात, म्हणजे नंबर चालू आहे हे त्यांना कळतं आणि पुढचे फोन वाढू शकतात. तेव्हा फिरकी फक्त आवाजाची. कोणतंही बटण दाबायचं नाही, व्हिडिओ कॉल घ्यायचा नाही, आलेली फाईल उघडायची नाही, थट्टेतसुद्धा खरी जन्मतारीख सांगायची नाही, आणि खोटा ओटीपी देण्याचा मोह आवरायचा, कारण अंकांच्या खेळात खरा अंक तोंडून निसटतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: अशाने फाजील आत्मविश्वास येतो. ठगांची फिरकी घेण्यात जगभर नाव कमावलेले जिम ब्राउनिंग यांना 2021 मध्ये यूट्यूबचा मदतनीस असल्याचं भासवून एका ठगानेच त्यांचं स्वतःचं चॅनेल पुसायला लावलं. हे उदाहरण माझ्या बाजूचं नाही हे उघड आहे. पण त्यातही जाळं पडलं ते भीतीचं नाही, मदतीचं. फिरकीने धाक जातो, गोड बोलण्यावरचा विश्वास जात नाही. त्यासाठी वेगळी सावधगिरी हवी, आणि पैसे गेलेच तर थट्टा बाजूला ठेवून लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन. पहिल्या काही तासांतच पैसे वाटेत अडवता येतात.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. प्लॉट, विमा किंवा कर्ज विकायला फोन करणारी मुलगी ठग नसते. ती महिन्याचं टार्गेट घेऊन बसलेली, कदाचित आपल्याच श्रीरामपूर-राहुरीकडून पुण्याला गेलेली पोर असते. तिला वीस मिनिटं लटकवण्यात शौर्य नाही. असले फोन नकोत तर 1909 वर नोंद करावी, आणि नोंद करूनही येत राहिले तर तक्रार. व्यापारी प्रचारासाठी 140 ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे आणि बँकांसाठी 1600 ची, हे माहीत असलं तर फोन उचलण्याआधीच निम्मा निर्णय होतो. साध्या दहा आकडी नंबरावरून 'बँक' बोलू लागली की वेड पांघरायला हरकत नाही.

खरी अडचण ठगांमधल्याही काहींबद्दल आहे. ऑगस्ट 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं अशा लबाडीच्या केंद्रांत सक्तीने राबवली जात असावीत. चांगल्या नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुणही त्यांत सापडले आहेत. पासपोर्ट काढून घेतलेला, काम झालं नाही तर मार खाणारा असा एखादा पोरगा आपल्या थट्टेने तासभर अडकला, तर त्याची शिक्षा त्याला भोगावी लागेल. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दुसऱ्या पारड्यात इतकंच ठेवता येतं, की त्याच पोराने पुढचा फोन एखाद्या निवृत्त शिक्षिकेला लावला आणि तो यशस्वी झाला, तर त्याची सुटका होत नाही, मालकाचा धंदा मात्र वाढतो. तरीही यातून फिरकीची लांबी ठरते. डेझीची चाळीस मिनिटं यंत्राला शोभतात. माणसाला दोन-तीन मिनिटं पुरे: पलीकडची ओळ सुटेपर्यंत, घरातली माणसं जवळ गोळा होईपर्यंत. मग अपशब्द न वापरता फोन ठेवावा आणि नंबर संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या 'चक्षू'वर टाकावा. ही सोय मार्च 2024 पासून आहे.

बचत गटांच्या बैठकीत बँकेचा माणूस येऊन सूचनांचा कागद वाचून दाखवतो, त्याऐवजी तिथे हा खेळ बसवायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने 2022 मध्ये 'राजू आणि चाळीस चोर' नावाची सचित्र पुस्तिका काढली आहे. तिच्यातल्या चाळीस युक्त्यांपैकी चार निवडाव्यात. एकीने साहेबाचा आवाज काढावा, दुसरीने बहिरेपणा घ्यावा, बाकीच्यांनी हसावं. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट संकेतस्थळांबद्दल इशारे द्यावे लागले होते. योजनेचा हप्ता थांबला की अशा फोनांचा हंगाम येतो, म्हणून तालीम त्याच्या आधी झालेली बरी. साहेबाचं काम करायला बायका आधी तयार होणार नाहीत. ते काम कुणा पुरुषाला द्यावं. त्याची फजिती बघायला बैठकीला गर्दीही जास्त होईल.