उतरलेली साखर आणि न झालेली नोंद

नवजात बाळाच्या रक्तातील साखर कमी आढळली म्हणजे डॉक्टरांकडून चूक झालीच, असा एक समज समाजात आहे, तर बाळ शांत झोपले आहे म्हणजे त्याचे सगळे ठीक चालले आहे, असा दुसरा समज प्रसूतिगृहांच्या खोल्यांत वावरतो. दोन्ही चुकीचे आहेत. मात्र पहिल्यामुळे फार तर एखादा निराधार दावा उभा राहतो, दुसऱ्यामुळे बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

नाळ कापताच मातेकडून येणारा ग्लुकोजचा पुरवठा थांबतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची साखर उतरते आणि यकृतातील साठा वापरात येऊ लागला की ती पुन्हा चढते. म्हणून या काळातला एखादा कमी आकडा हा स्वतःहून कोणाच्या दोषाचा पुरावा ठरत नाही. उपचाराचा विचार सुरू करण्यासाठी दर डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा अनेक ठिकाणी धरली जाते, काही भारतीय मार्गदर्शिका ४० मानतात. ही कृतीची रेषा आहे, मेंदूच्या इजेची नव्हे. इजा होईल की नाही, हे साखर किती खाली गेली, किती वेळ खाली राहिली आणि झटके आले का, यांवर अवलंबून असते.

गर्भवती मातेची साखर उतरल्यामुळेच बाळाची साखर उतरते, हा समज तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. मातेची साखर चढलेली असेल तर गर्भाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागते. जन्मानंतर मातेची साखर मिळेनाशी होते, पण ते इन्सुलिन काही काळ काम करीतच राहते. अशी बाळे बहुधा वजनदार असतात, आणि गुटगुटीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ ही घरोघरची समजूत नेमकी येथे दगा देते. स्वतः मातेला धोका असतो तो इन्सुलिन घेऊन उपाशी राहण्याचा. श्रावणी सोमवारी उज्जैनच्या महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या, उपवास धरलेल्या गर्भवतीने नेहमीचा डोस तसाच घेतला, तर तिची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ, क्वचित बेशुद्धी येऊ शकते. इन्सुलिन लिहून देताना ही सूचना दिली होती का, हा प्रश्न नंतरच्या वादात महत्त्वाचा ठरतो.

साखर उतरली की बाळ थरथरतेच, असेही नाही. कित्येकदा कोणतेच लक्षण दिसत नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेविरुद्ध २००२ ते २०११ या काळात नवजात बाळाच्या कमी साखरेवरून झालेल्या ३० दाव्यांचा अभ्यास झाला, तेव्हा सर्वाधिक वेळा प्रथम दिसलेले लक्षण म्हणजे दूध नीट न पिणे हे होते, आणि या दाव्यांचा एकूण खर्च सुमारे १६ कोटी पौंड झाला होता. म्हणूनच मधुमेही मातेचे, कमी वजनाचे, वेळेआधी जन्मलेले, जन्मतः गुदमरलेले किंवा गारठलेले बाळ (माळव्यातील पौष-माघाच्या रात्री हा शेवटचा धोका किरकोळ नसतो) लक्षणांची वाट न पाहता ठरावीक अंतराने तपासावे लागते. टाचेतून घेतलेल्या थेंबावर ग्लुकोमीटर कमी आकड्यांच्या पट्ट्यात फारसा अचूक नसतो, त्यामुळे प्रयोगशाळेतून खात्री करून घेणे योग्य, पण तिचा निकाल येईपर्यंत उपचार थांबवणे योग्य नव्हे. बोटाने चाटवलेला मध किंवा घुटी हा उपचार तर नाहीच, शिवाय मधातून जंतुविषबाधेचा धोका असतो. पहिल्या तासात सुरू केलेले स्तनपान आणि गरजेप्रमाणे शिरेतून दिलेले ग्लुकोज हे खरे उपाय.

कायद्याच्या बाजूचे गैरसमजही कमी नाहीत. वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हा निकष आहे. पुण्यातील डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच रुग्ण स्वीकारणे, उपचार ठरवणे आणि तो प्रत्यक्ष देणे या तिन्ही टप्प्यांवर काळजीचे कर्तव्य सांगितले. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा आवश्यक ठरवला गेला. नुकसानभरपाईसाठी उज्जैनमधील कुटुंबाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र मुदत साधारणतः दोन वर्षांची असते, आणि मेंदूच्या इजेच्या खुणा कधी उशिरा उमगतात. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार रुग्णाच्या नोंदी मागणी केल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. त्यांत साखरेच्या तक्त्यातील वेळा, दूध पाजल्याच्या नोंदी आणि रिकामे रकाने, तिन्ही पाहण्यासारखे असतात.

तपासणीच न होणे हा दोष ठरू शकतो, हे चेन्नईच्या व्ही. कृष्णकुमार खटल्यात दिसले. १९९६ मध्ये एगमोरच्या शासकीय रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या मुलीची डोळ्यांची आवश्यक तपासणी झाली नाही आणि पालकांनाही सांगितले गेले नाही. तिची दृष्टी गेली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली.