'योकाई वॉच' : जपानी लोकविश्वासातील अद्भुत जीव आणि बालविनोद

प्रस्तावना

मनात जपून ठेवलेली गोष्ट नेमकी नको त्या वेळी तोंडातून निसटणे, घरातील हसते-खेळते वातावरण अकारण कोंदटणे, आई-वडिलांचे क्षुल्लक कारणावरून भांडण जुंपणे, या गोष्टी कोणत्याही कुटुंबात घडतात. मोठी माणसे त्यांचे कारण स्वभावात किंवा योगायोगात शोधतात. 'योकाई वॉच' या जपानी ॲनिमे मालिकेत मात्र अशा घटनांमागे एखादा 'योकाई' दडलेला असतो. लेव्हल-फाइव्ह या कंपनीने जुलै २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओ खेळावर ही मालिका आधारलेली आहे. ओएलएम या संस्थेने निर्मिलेली मूळ मालिका टीव्ही टोकियो वाहिनीवर ८ जानेवारी २०१४ ते ३० मार्च २०१८ या काळात २१४ भागांत प्रसारित झाली. वरवर पाहता ती खेळण्यांच्या विक्रीसाठी रचलेली बालकरमणूक वाटते. परंतु तिच्या विनोदाची मुळे किमान अडीचशे वर्षे मागे जातात. ही मुळे स्पष्ट करणे आणि परंपरेतून काय टिकले व काय हरवले हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

योकाई : संज्ञेचा अर्थ

'योकाई' हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहिला जातो, त्या दोहोंचा अर्थ विलक्षण, अनाकलनीय असा आहे. मराठीतील 'भूत' हा शब्द त्यास पुरेसा पडत नाही. मृत व्यक्तीच्या आत्म्यास जपानीत 'युरेई' ही स्वतंत्र संज्ञा आहे. योकाईंमध्ये नदीतील कप्पा, डोंगरावरील तेंगू, म्हातारपणी दोन शेपट्या फुटलेली नेकोमाता मांजर आणि वापरून जुनी झाल्यावर सजीव होणारी घरगुती भांडी, अशा सर्वांचा समावेश होतो. 'अझुकीआराई' हा योकाई या दृष्टीने बोलका आहे. रात्री ओढ्याकाठी कोणीतरी अझुकी कडधान्य धूत असल्यासारखा आवाज येतो, पण धुणारा दिसत नाही. आवाज खरा, त्याचे कारण अज्ञात. म्हणून त्या अनुभवास एक नाव आणि एक रूप देण्यात आले. ज्याचा उलगडा होत नाही त्यास नाव देणे, हे योकाई-कल्पनेचे मूळ कार्य मानता येईल.

नोंदीची परंपरा

या जीवांना व्यवस्थित सूचीचे रूप दिले ते चित्रकार तोरियामा सेकिएन (१७१२–१७८८) यांनी. त्यांचा पहिला योकाई-चित्रसंग्रह १७७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जीवाचे चित्र त्याच्या नावासह दिलेले होते. पुढे १७८४ च्या संग्रहात सेकिएन यांनी सजीव झालेल्या वस्तूंची चित्रे काढली. त्यांपैकी अनेक जीव लोककथांत आढळत नाहीत. शब्दश्लेषांच्या आधारे ते स्वतः सेकिएन यांनीच निर्माण केले, असे अभ्यासक मानतात. म्हणजेच नवे योकाई गंमत म्हणून घडवणे ही आधुनिक बाजारपेठेने सुरू केलेली प्रथा नव्हे.

मेइजी काळात तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) यांनी योकाईंचा अभ्यास हाती घेतला तो अंधश्रद्धा दूर करण्याच्या हेतूने. परंतु खंडनासाठी त्यांनी इतकी सामग्री जमवली की, त्यांच्या श्रमांमुळे हा विषय ज्ञानशाखेच्या पातळीवर पोहोचला. १९१० मध्ये यानागिता कुनिओ यांनी 'तोनो मोनोगातारी' या ग्रंथात ईशान्य जपानमधील तोनो परिसरातील कथा नोंदवल्या. नंतर मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांच्या 'गेगेगे नो कितारो'ची दूरचित्रवाणी मालिका १९६८ मध्ये सुरू झाली आणि योकाई घराघरांतील मुलांच्या परिचयाचे झाले. अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक मायकेल डिलन फॉस्टर यांनी २००९ च्या ग्रंथात या परंपरेतील दोन प्रवृत्ती दाखवल्या आहेत : एक कोशात्मक, दुसरी क्रीडात्मक. 'योकाई वॉच'मध्ये या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आलेल्या दिसतात.

मालिकेची रचना

कथानायक केइता हा साकुरा न्यू टाउन या नगरातील पाचवीचा विद्यार्थी आहे. तो सर्वसामान्य आहे आणि कोणी त्यास तसे म्हटले की त्याला राग येतो. कीटक पकडण्यासाठी रानात गेला असता त्याला एक जुने, नाणे टाकून खेळणे मिळवण्याचे यंत्र सापडते. त्यातून १९० वर्षे कोंडलेला व्हिस्पर नावाचा योकाई बाहेर पडतो व केइताचा सेवक बनतो. त्याने दिलेल्या घड्याळाचा प्रकाश टाकल्यावर अदृश्य योकाई दिसू लागतात. व्हिस्पर स्वतःस योकाईंचा सर्वज्ञ जाणकार म्हणवतो. प्रत्यक्षात मात्र तो हळूच टॅब्लेटमध्ये डोकावून माहिती वाचतो आणि ती आपल्याला ठाऊकच होती असा आव आणतो. सेकिएन यांच्या कोशपरंपरेचे हे विडंबनच होय. अध्यापन व्यवसायातील वाचकांस या पात्राची ओळख पटण्यास विलंब लागू नये.

विनोद आणि श्लेष

मालिकेतील विनोद मुख्यतः नावांत साठवलेला आहे. 'बकुरोबा' या नावात 'बकुरो' म्हणजे गौप्यस्फोट आणि शेवटचे 'बा' म्हणजे म्हातारी; ती ज्याला झपाटते तो आपली गुपिते सांगत सुटतो. 'हिकिकोमोरी' ही स्वतःस खोलीत कोंडून घेणाऱ्या व्यक्तींसाठीची संज्ञा मनोविकारतज्ज्ञ साइतो तामाकी यांच्या १९९८ च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली. तिच्यात 'कोमोरी' म्हणजे वटवाघूळ हा शब्द ऐकून मालिकेने माणसांना एकांतात ढकलणारा वटवाघूळ-योकाई घडवला. गंभीर सामाजिक प्रश्न येथे मुलांना समजेल अशा रूपात येतो, आणि त्या व्यक्तीची हेटाळणीही होत नाही.

सर्वांत लोकप्रिय पात्र जिबान्यान याच्या नावात एका जागी बांधला गेलेला आत्मा, 'जिबाकुरेई', आणि मांजराचे 'न्यान' एकत्र आले आहेत. ट्रकखाली मेलेले हे मांजर चौकात थांबून येणाऱ्या ट्रकशी झुंजते आणि दर वेळी उडवले जाते. आपल्या मृत्यूवर मालकीण तुच्छतेने बोलली, हे शल्य त्याला सलत असते. आपण तिला वाचवताना मेलो होतो, हे त्याला पुढे एका भागात उमगते. देवालयाच्या दारी बसणाऱ्या रक्षक श्वानांपासून, म्हणजे कोमाइनूंपासून, कोमासान हे पात्र घडले आहे. बोचके घेऊन खेड्यातून शहरात आलेला, गावरान बोलीचा हा जीव शहरास बिचकतो; त्याचा धाकटा भाऊ कोमाजिरो मात्र तेथे सहज रुळतो. स्थलांतराचा अनुभव विनोदातून इतक्या सौम्यपणे क्वचितच मांडला जातो.

जबाबदारीचा प्रश्न

सर्व दोष योकाईवर ढकलल्यास मूल स्वतःची जबाबदारी टाळण्यास शिकेल काय, ही शंका रास्त आहे. परंतु मालिकेतील घटनाक्रम पाहता तिचे बरेचसे निरसन होते. केइता योकाईस पाहतो, त्याचे नाव जाणतो, त्याचे गाऱ्हाणे ऐकतो, आणि पुष्कळदा त्याच्याशी मैत्री करतो. मैत्रीची खूण म्हणून त्यास पदक मिळते. मूळ खेळात आई-वडिलांच्या भांडणामागे खिन्नता पसरवणारी डोन्योरीनू असते. तिला ओळखल्यावर आई आणि वडील यांपैकी कोणासही दोषी ठरवावे लागत नाही. मनःस्थिती आणि माणूस यांत अंतर ठेवण्याची ही रीत बालमनास उपकारक वाटते.

मर्यादा

पदके ही बांदाई कंपनीची विक्रीयोग्य वस्तूही होती आणि २०१४ मध्ये त्यांच्यासाठी जपानमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या. त्याच वर्षी २० डिसेंबरला पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. या विस्तारात एक गोष्ट मात्र हरवली. अझुकीआराई विशिष्ट ओढ्याचा होता, तोनोचा कप्पा तोनोच्या नदीचा. पदकावरील योकाई कोणत्याच जागेचा नसतो. २०१८ च्या 'शॅडोसाइड' या पुढील मालिकेत भीतीचा अंश वाढवण्यात आला, तथापि २०१९ मध्ये निर्माते पुन्हा केइता व विनोद यांकडे वळले.

समारोप

'योकाई वॉच'ने परंपरा बिघडवली, असे म्हणणे सेकिएन यांच्या श्लेषांकडे पाहता टिकत नाही. पूर्वी योकाई काळोखातील आवाजाला नाव देत. येथे ते मनातील मळभाला नाव देतात. स्थळाशी असलेले नाते सैल झाले, हे नुकसान खरे आहे. परंतु न समजणाऱ्या गोष्टीस भिऊन पळण्याऐवजी तिचे नाव विचारावे, ही जुनी शिकवण या हलक्याफुलक्या मालिकेत शाबूत राहिली आहे. म्हणून बालरंजनाच्या अशा कृती लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्षून चालणार नाही.