मनाच्या आजारावरील नवे औषध कसे तपासतात?



या पानावर आपण आजवर भातावरचा करपा, जनावरांची लाळ-खुरकूत, लहान मुलांचे जुलाब असे विषय वाचत आलो. आजचा विषय थोडा निराळा आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत छिन्नमनस्कता, या आजारावरचे नवे औषध इस्पितळातील आजाऱ्यांवर कसे तपासून पाहतात, ते आज समजून घेऊ.

असे आजारी गावोगाव आहेत. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात. कुणाला वाटते, शेजारी आपल्या जेवणात विष कालवतो. कुणी महिनोन्महिने कोपऱ्यात गप्प बसून असतो. ही करणी नव्हे, भूतबाधा नव्हे आणि आईवडिलांच्या पापाची शिक्षाही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. पण ‘औषधाची चाचणी’ हे शब्द कानी पडले की घरची माणसे घाबरतात. ‘आमच्या मुलावर प्रयोग करणार काय?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

जुनी औषधे आणि नवे औषध

मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी काही रसायने असतात. त्यांतील एकाचे नाव डोपामाइन. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन इस्पितळात जाँ दिले आणि पिएर डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले व त्यांना चांगला गुण आला. तेव्हापासून पुढची सत्तर वर्षे या आजारावरची बहुतेक सारी औषधे डोपामाइनलाच आवर घालणारी निघाली. त्यांनी लाखो लोकांना घरी परत आणले. पण काहींमुळे हातपाय ताठतात, कंप सुटतो, तर काहींमुळे वजन व रक्तातील साखर वाढते. त्यामुळे पुष्कळ आजारी गोळ्या मध्येच सोडतात आणि आजार पुन्हा उसळतो.

नवे औषध दुसऱ्या वाटेने जाते. त्यातील झॅनोमेलीन हा घटक ॲसिटिलकोलीन नावाच्या दुसऱ्या निरोप्याचे काम करतो. १९९०च्या दशकात तो म्हातारपणच्या विसरभोळेपणावर, म्हणजे अल्झायमरच्या आजारावर, देऊन पाहिला होता. तेव्हा आजाऱ्यांचे भास व संशय कमी झाल्याचे दिसले, पण मळमळ व उलट्यांनी ते हैराण झाले.

असे का झाले, हे शेतकऱ्याला लवकर उमगेल. काही कीटकनाशके फवारताना अंगात गेली की लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या होतात. ते विष अंगातील ॲसिटिलकोलीन भलतेच वाढवते. डॉक्टर तेव्हा ॲट्रोपिनची सुई देऊन त्याचा जोर अडवतात. झॅनोमेलीन हे काही विष नव्हे, पण पोटात गडबड करण्याची त्याची वाट तीच. म्हणून त्याच्या जोडीला ट्रॉस्पियम हे औषध घातले. ते ॲट्रोपिनसारखेच अडवण्याचे काम करते, पण मेंदूत फारसे शिरत नाही. त्यामुळे पोटाला आराम मिळतो आणि मेंदूतले काम चालू राहते. ही कल्पना चांगली खरी, पण नुसत्या कल्पनेवर औषध विकता येत नाही.

दोन वाफ्यांची गोष्ट

नवे खत चांगले की नाही, हे आपण कसे ठरवतो? सगळ्या शेतात ते टाकले आणि पीक चांगले आले, तर ते खताने की पावसाने, हे कळणार नाही. म्हणून शेजारी-शेजारी दोन वाफे करावे लागतात. माती एक, बियाणे एक, पाणी एक. एका वाफ्याला खत, दुसऱ्याला नाही.

औषधाचेही तसेच. अमेरिकेतील ‘इमर्जंट-२’ या चाचणीत आजार उसळल्याने इस्पितळात ठेवलेले १८ ते ६५ वर्षांचे २५२ आजारी घेतले होते. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निम्म्यांना नवे औषध दिले व निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळते, हे आजाऱ्याला ठाऊक नव्हते, तसेच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. जुनी औषधे आधी थांबवली होती. हे पाच आठवडे चालले. इस्पितळ यासाठीच लागते. जुने औषध बंद असताना आजार वाढला तर जवळ डॉक्टर व परिचारिका हव्यात आणि चाचणी थांबवून नेहमीचा उपचार लगेच सुरू करता आला पाहिजे.

आजार मोजण्यासाठी ३० लक्षणांना प्रत्येकी १ ते ७ गुण देतात. गुण जितके जास्त, तितका आजार जास्त. पाच आठवड्यांनंतर नवे औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी २१.२ने उतरले. आता दुसरा वाफा पाहा. बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांचेही ११.६ने उतरले! वेळेवर जेवण, झोप, कुणीतरी रोज आस्थेने विचारपूस करणे, बरे होण्याची आशा, आणि आजाराचा स्वतःचा चढउतार, हा सारा जणू पाऊस होय. तो दोन्ही वाफ्यांवर सारखाच पडला. खताचा, म्हणजे औषधाचा, खरा वाटा उरला ९.६ गुणांचा. दुसरा वाफा नसता, तर आपण सगळे श्रेय औषधाला देऊन बसलो असतो.

त्रासही मोजला गेला. औषध घेणाऱ्या शंभरांत १४ जणांना उलट्या झाल्या, तर दुसऱ्या गटात एकाला. बद्धकोष्ठाचा त्रास एकीकडे २१, तर दुसरीकडे १० जणांना झाला. हे निष्कर्ष डिसेंबर २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या सरकारने ‘कोबेन्फी’ या नावाने औषधाला परवानगी दिली.

येथे थोडे थांबावे. पाच आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे. पुढे जुन्या औषधाच्या जोडीला हेच औषध देऊन पाहिले, तेव्हा भरवसा ठेवण्याइतका फरक दिसला नाही. ते निकाल एप्रिल २०२५मध्ये जाहीर झाले. त्याच वाटेचे एम्राक्लिडिन नावाचे दुसरे औषध नोव्हेंबर २०२४मध्ये दोन चाचण्यांत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलेच नाही. चाचणीचा हा उपयोगही लहान नाही. न लागणारे औषध गरिबाच्या घरात शिरत नाही.

आजारी माणूस म्हणजे वाफा नव्हे

वाफ्याला विचारावे लागत नाही, माणसाला विचारावे लागते. तो देवाच्या प्रतिमेचा आहे आणि मन आजारी झाले म्हणून ती प्रतिमा पुसली जात नाही. पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना बजावले होते की, विज्ञानाच्या वा समाजाच्या भल्यासाठीसुद्धा माणसाला नुसते साधन करता येत नाही.

आपला कायदाही हेच म्हणतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे संशोधनासाठी मनोरुग्णाची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते. त्याला ती देता येत नसेल आणि त्याचा विरोध नसेल, तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. बापाने वा भावाने सही केली की झाले, असे नाही. २०१९च्या नियमांप्रमाणे प्रत्येक चाचणीवर निदान सात जणांच्या नैतिक समितीची देखरेख हवी. तीत एक कायदा जाणणारा व एक सामान्य नागरिक असावाच लागतो.

तेव्हा आपल्या माणसाला कुणी चाचणीत घेऊ म्हटले, तर घाबरून पळू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. पुढील प्रश्न विचारा.

१. बिनऔषधी गोळी मिळण्याचा संभव किती?
२. जुने औषध थांबवणार काय? किती दिवस?
३. आजार वाढला तर काय कराल?
४. मधेच बाहेर पडलो तर नेहमीचा उपचार मिळेल ना?
५. इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार?
६. चाचणी संपल्यावर पुढे काय?

उत्तरे आपल्या भाषेत आणि लेखी मागा. कागद घरी नेऊन वाचण्याचा तुम्हांला हक्क आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. नव्या औषधाची बातमी वाचून चालू गोळ्या बंद करू नका. प्रार्थना शिबिरात डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, बरे वाटले, म्हणूनही बंद करू नका. प्रार्थना आणि गोळी यांचे वैर नाही. उपचार सुरूच नसेल, तर धारवाडच्या डिमहान्समध्ये, गोव्यात बांबोळीला किंवा जवळच्या सरकारी मानसोपचार विभागात जा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फोन रात्रंदिवस विनामूल्य चालतो.

सोळाव्या शतकात ग्रॅनडा शहरात संत जॉन ऑफ गॉड यांना वेडा समजून कोंडले होते. त्या काळी वेडावर फटके हाच उपचार मानत आणि त्याने गुण येतो का, हे कुणी तपासत नसे. बाहेर आल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रेमाने चालणारे इस्पितळ काढले. आपल्याकडे आज तपासलेली औषधे आहेत. त्यांच्या जोडीला ते प्रेम तेवढे आपण घरातून द्यायचे आहे. प्रभू आपल्या आजारी बंधुभगिनींना शांती देवो.