पुसलेल्या चित्रफिती : परसदारातून गुरूचे चित्रण

माझ्या निरीक्षणवहीत १५ ऑक्टोबर २०२१ या तारखेपुढे एवढीच नोंद आहे : ‘सायं. ६.४० ते ७.३०. गुरू. ११ चित्रफिती. हवा बरी.’ त्याच संध्याकाळी, आपल्या घड्याळानुसार ६ वाजून ५४ मिनिटांनी, गुरूच्या वातावरणात एक खडक शिरून जळाला. जपानमधील हौशी निरीक्षकांनी आणि क्योतो विद्यापीठातील को आरिमात्सु यांच्या गटाने ती चमक टिपली. त्या स्फोटाची ऊर्जा सुमारे दोन मेगाटन टीएनटीइतकी होती, असे त्यांनी पुढे मांडले. त्यांची दुर्बीण २८ सेंटिमीटरची, माझी २० सेंटिमीटरची. म्हणजे फरक फार मोठा नाही. ती चमक माझ्या चित्रफितीत होती की नाही, हे मात्र आता कधीच कळणार नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्या पुसून टाकल्या होत्या.

घरच्या घरी ग्रहांचे चित्रण सुरू करू इच्छिणाऱ्यांना काय करावे हे सांगताना माझी ही चूकही सांगणे मला आवश्यक वाटते.

मुळात छायाचित्राऐवजी चित्रफीत का घ्यायची? दुर्बिणीतून ग्रह पाहिला की तो वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखा हलतो. आपल्या डोक्यावरची हवा त्याला हलवत असते. पण मधूनच क्षणभर हवा निवळते आणि गुरूचे पट्टे लख्ख दिसतात. हा क्षण कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून सेकंदाला शंभरेक फ्रेम घ्यायच्या, त्यांतल्या चांगल्या निवडायच्या आणि एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायची. असा नशिबाचा क्षण मिळण्याची शक्यता किती, याचे गणित डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये मांडले. साधे वेबकॅम आणि घरगुती संगणक आल्यावर ही पद्धत हौशी लोकांच्या हाती आली.

माझी वेधशाळा बार्शीजवळ घराच्या मागे आहे. आठ बाय आठ फुटांची पत्र्याची खोली. छप्पर फाटकाच्या चाकांवर सरकते. शेजारी तिला अजूनही मोटारीची खोली समजतात. गच्ची सोडून परसदार निवडले ते अनुभवाने. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत राहतो, आणि ती ऊब दुर्बिणीसमोरून वर जाते. माती आणि गवत लवकर निवते. छप्पर सूर्यास्तापूर्वीच उघडावे, म्हणजे दुर्बिणीचा आरसाही बाहेरच्या हवेइतका थंड होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : स्वच्छ आकाश म्हणजे स्थिर आकाश नव्हे. तारे जोरात लुकलुकत असतील, तर आकाश कितीही निर्मळ असो, ग्रहासाठी ती रात्र वाईट. किंचित धुरकट, वारा पडलेली रात्र पुष्कळदा चांगली निघते.

आता आकडे. माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. दुप्पट करणारे बार्लो भिंग लावले की ते २४०० होते, म्हणजे एफ १२. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. पिक्सेलच्या मायक्रॉनमधील मापाच्या चार ते पाच पट एफ-अंक ठेवावा, हा सोपा हिशेब. तेवढे करूनही गुरू पडद्यावर जेमतेम १८० पिक्सेलचा दिसतो. दुर्बिणीला मोटार नसेल तर ६४० पिक्सेल रुंदीच्या चौकटीतून तो दहा-अकरा सेकंदांत निघून जातो. शिकण्यापुरते तेही चालते. नेमकी फोकसिंग आणि आरशांची जुळणी यांवर मात्र महागड्या कॅमेऱ्याहून जास्त वेळ खर्च करावा.

चित्रफीत दोन मिनिटांची पुरे. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. दोन मिनिटांत त्याच्या मध्यावरचा ठिपका जवळजवळ अर्धा विकला सरकतो, आणि माझ्या दुर्बिणीची तपशील वेगळा दाखवण्याची मर्यादा त्याच्याच आसपास आहे. त्याहून लांब चित्रफीत घेतली तर तपशील फराटतो.

सेकंदाला १०० याप्रमाणे दोन मिनिटांत १२,००० फ्रेम होतात. ६४० गुणिले ४८० पिक्सेलच्या एका चित्रफितीला सुमारे ३.७ गिगाबाइट जागा लागते. अकरा चित्रफितींचे ४० गिगाबाइट झाले, आणि सहा रात्रींत माझा लॅपटॉप भरला. अंतिम चित्र हाती आले की कच्चा माल पुसायचा, ही सवय मला त्यामुळे लागली.

यातली चूक रचनेच्या पद्धतीतच दडलेली आहे. समजा, चमक पाच सेकंद टिकली. म्हणजे १२,००० पैकी ५०० फ्रेम. सरासरीत ती चोविसाव्या भागाइतकी पुसट होते. त्या वेळी हवा हलत असेल तर त्या फ्रेम निवडल्याच जात नाहीत. ज्या प्रक्रियेने गुरूचे पट्टे उजळतात, तिनेच ही घटना नाहीशी होते. अंतिम चित्र पाहून काही घडले होते का, हे कळत नाही.

३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी अशी चमक टिपली. बातमी कळल्यावर फिलिपिन्समधील ख्रिस्तोफर गो यांनी आपली चित्रफीत तपासली, तर तिच्यातही ती होती. एकट्या चित्रफितीवर कॅमेऱ्यातला दोष अशी शंका घेता येते; दूरच्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी आलेल्या नोंदींवर ती घेता येत नाही. मार्च २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील गेरिट केर्नबाउअर यांनी हवा फारशी चांगली नव्हती म्हणून आपली चित्रफीत दहा दिवस तशीच ठेवली होती. चमक तिच्यातच निघाली. पुसली असती तर?

आज हे तपासायला डोळे ताणावे लागत नाहीत. फ्रान्समधील मार्क डेलक्रोआ यांची ‘डिटेक्ट’ ही आज्ञावली चित्रफितीतल्या चमका शोधते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधील जोसे लुइस परेरा यांना त्यांची चमक तिच्यामुळेच सापडली.

म्हणून नवख्यांना मी सांगतो : कॅमेऱ्याबरोबरच मोठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. चित्रण सुरू करण्याआधी संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. वेळ चुकली तर नोंद निरुपयोगी. ‘डिटेक्ट’मधून गेल्याशिवाय एकही चित्रफीत पुसू नका. हवा खराब होती म्हणून तर मुळीच नाही.

मी आता हे नियम पाळतो. आजवर चमक सापडलेली नाही. पण ‘चमक नाही’ हे मी वहीत आता तपासून लिहितो. १५ ऑक्टोबरच्या नोंदीपुढे मला तेही लिहिता येत नाही.