अनुशेष म्हणजे काय?

महाराष्ट्रांत विधिमंडळाचें अधिवेशन भरलें कीं ‘अनुशेष’ हा शब्द हटकून कानीं येतो. शब्द संस्कृत आहे. त्याचा अर्थ शिल्लक राहिलेला भाग. राज्याच्या एका भागास जें मिळालें तें दुसऱ्या भागास मिळावयाचें राहून गेलें, तर तें राहिलेलें म्हणजे त्या भागाचा अनुशेष. अर्थ इतका सरळ असतांहि या शब्दाभोंवतीं गेलीं कित्येक वर्षें वाद चालू आहे. काय राहिलें हें मोजावयाचें कसें आणि भरून काढावयाचें कसें, हे दोन्ही प्रश्न दिसतात तितके सोपे नाहींत, हेंच त्याचें कारण होय.

या विषमतेचें मूळ इतिहासांत आहे. १ मे १९६० रोजीं स्थापन झालेलें हें राज्य निरनिराळ्या राजवटींखालीं वाढलेल्या प्रदेशांचें बनलेलें आहे. पश्चिम महाराष्ट्र व कोंकण हे बहुतांशीं मुंबई इलाख्यांतले, विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडांतला, तर मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांतला. मुंबईस बंदर होतें, गिरण्या होत्या, १८५३ पासून आगगाडी होती. मनमाडहून मराठवाड्यांत जाणारा लोहमार्ग मात्र मीटर गेजचा होता. मुंबईकडून आलेला माल मनमाडास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. १९९० नंतरच्या दशकांत तो मार्ग रुंद होईपर्यंत ही अडचण कायम होती. अशा ठिकाणीं कारखानदार सहसा जात नाहीं. मागासलेपणाचा दोष तेथील माणसांच्या अंगीं लावणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

एकत्र येतांना मागें राहिलेल्या भागांना कांहीं आश्वासन हवें होतें. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानें तें दिलें. राज्याचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावा, मराठवाड्याच्या स्थितीकडे विशेष लक्ष पुरवावें, सरकारी नोकऱ्यांत व धंदेशिक्षणांत सर्व भागांना योग्य वांटा मिळावा आणि दरसाल विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरावें, असें त्यांत ठरलें. पुढें १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीनें राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीं स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. अर्थात् मागासलेल्या भागास द्यावयाचें तें दान नव्हे. सर्वांनीं मान्य केलेलें तें देणें होय. तथापि हीं मंडळें प्रत्यक्ष स्थापन व्हावयास १९९४ साल उजाडावें लागलें आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

देणें किती, याचा सर्व भागांस मान्य होईल असा हिशेब मात्र पुष्कळ काळ झाला नव्हता. १९८३ सालीं सरकारनें नामांकित अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ सालीं आला. समितीची रीत शाळेंतल्या मुलासहि उमजेल अशी होती. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचें पाणी इत्यादि प्रत्येक बाबतींत आधीं राज्याची सरासरी काढावयाची. मग जो जिल्हा तिच्या खालीं असेल त्याची उणीव मोजावयाची. समजा, राज्यांत दर १०० चौरस किलोमीटरांस सरासरी ४० किलोमीटर रस्ते आहेत व एका जिल्ह्यांत ते ३० च आहेत. त्या जिल्ह्याचें क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटर असल्यास उणीव १,००० किलोमीटरांची झाली. हे रस्ते बांधावयास जो खर्च लागेल तो त्या जिल्ह्याचा रस्त्यांचा अनुशेष.

अशा रीतीनें एकूण अनुशेष सुमारें ३,१८७ कोटि रुपये ठरला. त्यांत विदर्भाचा वांटा शेंकडा ३९, मराठवाड्याचा २४ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ होता. तक्रारीचा हिशेब झाला, हा मोठाच लाभ म्हटला पाहिजे. शिवाय ज्या भागास सर्वजण पुढारलेला समजत, त्याच्याहि पोटांत एक तृतीयांशाहून अधिक अनुशेष निघाला. त्या भागाची लोकसंख्या मोठी, हें खरें. तरीहि पुढारलेला आणि मागासलेला हा भेद प्रदेशांच्या नांवांवरून करतां येत नाहीं, हें यावरून उघड झालें.

परंतु सरासरीच्या मापाला मर्यादा आहेत. पहिली ही कीं, सरासरी स्थिर राहत नाहीं. १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवरून पुढें निर्देशांक व अनुशेष समितीनें हिशेब केला, तेव्हां आकडा सुमारें १४,००७ कोटि झाला. मधल्या काळांत वस्तूंचे भाव चढले होते, आणि पुढारलेले जिल्हेहि थांबले नव्हते. पुढची गाडी चालत असतां मागच्या गाडीनें तिच्याइतकेंच चालून भागत नाहीं. तिला अधिक वेगानें जावें लागतें.

दुसरी मर्यादा जिल्हा या घटकाची. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील माण तालुक्यास सुमारें २० इंचांवर समाधान मानावें लागतें. या दोहोंची सरासरी काढली तर कागदावर भरपूर पाणी दिसेल, पण माणची विहीर कोरडीच राहील. पावसाची ही गोष्ट रस्ते, दवाखाने आणि शाळा यांसहि लागू पडते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. अनुशेष रुपयांत मोजला कीं रुपये खर्च झाले म्हणजे तो भरला असें वाटूं लागतें. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली. सुमारें अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी, हा हेतु. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो पुढें १८,००० कोटींच्याहि वर गेला. २००९ सालीं हा राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला. मधल्या सर्व वर्षांत खर्चाचा आकडा वाढत होता, पण ज्या शेतापर्यंत पाट पोंचला नाहीं त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें अनुशेष होता तितकाच होता.

म्हणूनच २०११ सालीं नेमलेल्या आणि २०१३ सालीं अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीनें जिल्ह्याऐवजीं तालुका हा घटक धरावा, असें सुचविलें. ही सूचना योग्य दिशेची आहे, कारण माप जितकें लहान तितकी उणीव लपावयास जागा कमी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खर्चाबरोबर फळहि मोजणें. दवाखान्याची इमारत उभी राहिली, पण तेथें डॉक्टर नाहीं. शाळा बांधली, पण शिक्षकाची जागा रिकामी, तर वहींत रक्कम जमा पडली तरी देणें फिटलें नाहीं. शेताच्या बांधापर्यंत पाणी आलें, आडगांवच्या बाळंतिणीस वेळेवर उपचार मिळाले आणि तेथल्या मुलास शिक्षणासाठीं घर सोडून दूर जावें लागलें नाहीं, तरच १९५३ सालीं दिलेला शब्द पाळला, असें म्हणतां येईल.