कुप्याची कोशिंबीर : चव, मात्रा आणि काळजी

‘ट्यूना सॅलड’ हे शब्द उच्चारले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पावाच्या दोन चकत्यांमध्ये दडपलेले, मेयोनेझने चिकट झालेले आणि चवीला सपक असे एक सारण उभे राहते. वास्तविक या पदार्थाचे मूळ स्वरूप आपल्याला मुळीच परके नाही. शिजलेला मासा, त्यात काही आंबट, काही स्निग्ध, काही कुरकुरीत आणि वर थोडी हिरवाई, एवढेच त्याचे घटक. याला आपण कोशिंबीर म्हणतो. गोव्यातील ज्या घरांत सुक्या सुंगटांची किसमूर होते, त्या घरांना माशाची कोशिंबीर शिकवण्यासाठी परदेशी पाककृतींच्या पुस्तकाची आवश्यकता नाही.

बालरोगतज्ज्ञाने स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत पालक मला हा प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत : “डॉक्टर, डब्यातला ट्यूना मुलाला दिला तर चालेल का?” पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तर हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर ‘चालेल’ असेच असते. परंतु त्याला तीन उपप्रश्न जोडलेले आहेत : कोणता, किती आणि कसा ठेवलेला? प्रस्तुत लेखात प्रथम चवीचा आणि मग या तिन्ही प्रश्नांचा विचार करू.

डब्यात नेमके काय असते?

ट्यूना हा एक मासा नव्हे. ते एका कुळातील अनेक माशांचे व्यापारी नाव आहे. कोकण किनाऱ्यावर त्यांतील काही जाती कुपा, गेदर अशा नावांनी ओळखल्या जातात. बांगडा आणि सुरमई हे त्यांचे जवळचे आप्त. हा मासा डब्यात जाण्याची सुरुवात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन पेद्रो येथे १९०३ साली झाली. सार्डिनचा तुटवडा पडल्यामुळे रिकामे राहिलेले डबे ‘आल्बाकोर’ या पांढऱ्या मांसाच्या ट्यूनाने भरण्यात आले. आज बाजारातील बहुतेक ‘लाइट’ डब्यांत ‘स्किपजॅक’ नावाचा तुलनेने लहान मासा असतो. आपल्याकडे लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर हाच स्किपजॅक गळाच्या काठ्यांनी पकडला जातो. तेथे तो उकडून, धुरी देऊन आणि वाळवून ‘मास’ बनवण्याची जुनी परंपरा आहे.

पोषणाच्या दृष्टीने पाहता, पाणी गाळलेल्या १०० ग्रॅम ट्यूनात साधारण २० ते २५ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. ब-१२ जीवनसत्त्व, सेलेनियम आणि थोडे ड जीवनसत्त्वही मिळते. मात्र ओमेगा-३ स्निग्धाम्लांच्या बाबतीत ‘लाइट’ ट्यूनापेक्षा आपली तारली आणि बांगडा सरस आहेत. म्हणून पुढील प्रत्येक कृतीत डब्याऐवजी उकडून काटे काढलेला ताजा बांगडा वापरला तरी बिघडत नाही. किंबहुना लाभच होतो.

सपकपणाचे कारण आणि उपाय

डबाबंद ट्यूना दोनदा शिजतो. प्रथम वाफेवर आणि नंतर बंद डब्यात, जंतुनाशासाठी, अधिक तापमानाला. त्यामुळे त्याचे तंतू कोरडे होतात, अंगची स्निग्धता कमी होते आणि मागे राहतो तो मिठाचा अंश. हे ध्यानात घेतले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. डबा उघडल्यावर पाणी पूर्ण निथळावे. मासा बोटांनी सुटा करून त्यावर अर्ध्या लिंबाचा रस शिंपडावा आणि पाच-दहा मिनिटे झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. काकडी-टोमॅटोसारख्या रसाळ भाज्या मीठ लावून पिळून घ्याव्यात. अन्यथा कोशिंबिरीचे सार होते. आणि मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच घालावे. १८० ग्रॅमच्या आसपासच्या डब्यातून पाणी काढल्यावर सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास मासा हाती येतो. पुढील प्रमाणे त्या हिशेबाने आहेत.

*किसमुरीच्या वाटेने.* पाऊण वाटी ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिंचेचा घट्ट कोळ किंवा लिंबू. कांद्याला प्रथम आंबट आणि किंचित मीठ लावून चुरावे, मग खोबरे आणि शेवटी मासा घालावा. मालदीवमध्ये न्याहारीला ‘मास हुनी’ नावाचा जो पदार्थ भाकरीसारख्या रोटीबरोबर खातात, त्याचे घटक जवळजवळ हेच आहेत : ट्यूना, खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू. एकाच समुद्राच्या काठी राहणाऱ्यांना एकच युक्ती सुचली, असे म्हणावयास हरकत नाही. ओले खोबरे लवकर आंबते, म्हणून हा प्रकार त्याच जेवणात संपवावा.

*अळसांद्यांसह.* इटलीतील तोस्काना प्रांतात पांढऱ्या घेवड्याचे उकडलेले दाणे, लाल कांदा, ऑलिव्ह तेल आणि ट्यूना हा साधा मेळ लोकप्रिय आहे. आपण घेवड्याच्या जागी दोन वाट्या शिजवलेले अळसांदे किंवा चवळी घ्यावी. तेल नारळाचे वा शेंगदाण्याचे चालेल. मिरपूड, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर घालावी. एक डबा चौघांना पुरतो, चोथा मिळतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा मासा मर्यादेत राहतो. मला स्वतःला हा प्रकार सर्वांत अधिक आवडतो.

*आंबट फळांसह.* चैत्र-वैशाखात किसलेली कैरी, इतर वेळी अननसाचे बारीक तुकडे, डाळिंबाचे दाणे किंवा पाच धारांचे करमल घालावे. फळाची आंबटगोड चव माशाचा उग्र वास झाकते; मासा नको म्हणणारी मुले अनेकदा येथे विरघळतात. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीस करमल देऊ नये. त्यातील घटक अशा रुग्णांत मेंदूवर गंभीर दुष्परिणाम करतात, हे आता सुस्थापित आहे.

*चक्का आणि काकडी.* मेयोनेझच्या जागी तीन-चार चमचे ताजा चक्का, भाजलेले जिरे, पुदिना आणि पिळलेली काकडी घ्यावी. मासा आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र खाल्ल्याने कोड येते, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. आयुर्वेदात मासा आणि दूध यांना विरुद्धाहार मानले आहे, हे खरे. तथापि कोड हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून उद्भवणारा विकार असून, या आहाराशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा आधुनिक वैद्यकाला आढळलेला नाही. ज्या घरांत हा संयोग वर्ज्य आहे, तेथे आग्रह धरण्याचे कारणही नाही. दाट नारळरस किंवा कुटलेले शेंगदाणे तीच स्निग्धता देतात.

याखेरीज उकडलेले अंडे, टोमॅटो आणि ऑलिव्ह घालून फ्रान्समधील नीस शहराच्या धर्तीवर ताटभर कोशिंबीर करता येते. उरलेल्या भातात ट्यूना, कांद्याची पात आणि लिंबू मिसळून डब्यासाठी वड्याही वळता येतात. दिशा एकदा उमगली की प्रत्येक गृहिणी आपली भर घालील.

लहान मुलांच्या बाबतीत काही पथ्ये आहेत. पाच वर्षांखालील मुलांच्या वाट्यात अख्खे शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे किंवा अख्खी द्राक्षे नसावीत. ती श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाणे कुटून, गाजर किसून द्यावे. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनेझ साल्मोनेलाच्या भीतीने टाळावे. वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात मध घालू नये.

किती? पाऱ्याचा हिशेब

गोव्यात ‘पारा’ म्हटले की खारवलेल्या माशाचे झणझणीत लोणचे आठवते. येथे मात्र धातू अभिप्रेत आहे. समुद्रातील पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर होते. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीवर हे विष साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघड झालेल्या दुर्घटनेने विकसनशील मेंदूवरील त्याचा घाला जगासमोर आणला. तेथील प्रदूषण कारखान्याचे आणि प्रचंड होते. ट्यूनाच्या डब्याशी त्याची तुलना करून घाबरून जाऊ नये. धडा एवढाच की गर्भ आणि लहान मूल यांच्या बाबतीत मात्रा मोजली पाहिजे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत ‘लाइट’ डब्यांतील पाऱ्याची सरासरी दर किलोस सुमारे ०.१३ मिलिग्रॅम, तर ‘आल्बाकोर’ अर्थात ‘व्हाइट’ डब्यांत सुमारे ०.३५ मिलिग्रॅम आढळली. म्हणजे जवळजवळ तिप्पट. ‘बिगआय’ या मोठ्या ट्यूनात ती याहूनही अधिक असल्याने तो मुलांना आणि गर्भवतींना देऊ नये. त्याच संस्थेच्या सल्ल्यानुसार कमी पाऱ्याचे मासे मुलांनी आठवड्यातून दोनदा खावेत. एका वेळची मात्रा १ ते ३ वर्षांस सुमारे ३० ग्रॅम, ४ ते ७ वर्षांस ६०, ८ ते १० वर्षांस ८५ आणि ११ व्या वर्षी सुमारे ११५ ग्रॅम. तात्पर्य, डब्यावरील मजकूर वाचून ‘लाइट’ वा ‘स्किपजॅक’ निवडावा आणि एक डबा एकट्या मुलाचा न मानता कुटुंबाचा मानावा. दुसऱ्या वेळी बांगडा वा तारली आणावी; अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवर असल्याने त्यांत पारा अल्प असतो.

लाल चेहरा : प्रत्येक वेळी ॲलर्जीच असते का?

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो मुद्दा. मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात मुलाचा चेहरा आणि मान लालबुंद होते, अंगावर पुरळ उठते, डोके दुखते, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, कधी जुलाब होतात. क्वचित मूल सांगते की मासा जिभेला मिरीसारखा झोंबत होता. पालक घाबरून धावतात, औषधाने काही तासांत उतार पडतो आणि फाइलवर कायमचा शेरा बसतो : ‘माशाची ॲलर्जी’. असा शेरा घेऊन आलेली, वर्षानुवर्षे मासा वर्ज्य केलेली मुले माझ्या पाहण्यात आहेत. बारकाईने विचारपूस केली की कळते, त्या दिवशी तोच मासा खाणाऱ्या काकांचेही कान लाल झाले होते आणि आजीलाही मळमळ झाली होती.

ही ॲलर्जी नव्हे, ही हिस्टमिनची विषबाधा. ट्यूना, बांगडा, सुरमई या कुळातील माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासा उबेत राहिला की मॉर्गनेलासारखे जिवाणू त्याचे हिस्टमिन बनवतात. एकदा बनलेले हिस्टमिन तळल्याने, उकडल्याने, गोठवल्याने वा डबाबंद केल्याने नाहीसे होत नाही. माशाला वास येईलच असेही नाही. म्हणजे ॲलर्जीत मुलाचे शरीर हिस्टमिन सोडते; येथे ते ताटातूनच येते. लक्षणे सारखी, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. पहिल्या प्रकारात तो मासा पुढेही धोक्याचा. दुसऱ्यात केवळ तो एक खराब मासा धोक्याचा.

उपचार प्रथम लक्षणांवर करावेत. बहुतेकांना अँटिहिस्टमिन पुरते. मात्र श्वास लागला, आवाज बसला किंवा रक्तदाब उतरला तर निदानाचा खल न करता तीव्र ॲलर्जीप्रमाणेच ॲड्रिनलिन द्यावे. मूल सावरल्यावर तीन प्रश्न विचारावेत. सोबत जेवलेल्या अन्य कोणास त्रास झाला का? हाच मासा पूर्वी निर्धोकपणे पचला आहे का? मासा पकडल्यापासून, वा डबा उघडल्यापासून, तो किती वेळ बर्फाविना राहिला? शंका उरल्यास त्वचाचाचणी किंवा माशाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करावी आणि मगच शेरा लिहावा. हा निर्णय डॉक्टरांचा आहे. पालकांनी घरी पुन्हा मासा देऊन परीक्षा पाहू नये.

कसा ठेवावा?

बंद डबा निर्जंतुक असतो. उघडल्या क्षणी हात, चमचा आणि हवा यांतून जिवाणू शिरतात. म्हणून उघडलेला मासा काचेच्या वा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून लगेच ४ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. तयार कोशिंबीर खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक राहू नये. पारा ३२ अंशांवर गेला असेल तर एकच तास. आपल्याकडील मे महिन्यात ही दुसरी मर्यादाच लागू पडते. शाळेच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीविना, ट्यूनाचे सँडविच देऊ नये. फुगलेला वा गळका डबा चव न घेता टाकून द्यावा. ताजा कुपा वा बांगडा आणताना तो बर्फात आहे की टोपलीत उन्हात, हे पाहावे आणि घरी येताच साफ करून थंड जागी ठेवावा. लिंबाचा रस चव वाढवतो, थोडे रक्षणही करतो. परंतु तो बर्फाची जागा घेऊ शकत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या समाजात मासा हे गरिबापासून श्रीमंतापर्यंत सर्वांच्या मुलांना परवडणारे प्रथिन आहे. चुकीच्या शेऱ्यामुळे एखाद्या मुलाच्या ताटातून तो जन्मभरासाठी नाहीसा होणे ही लहान हानी नव्हे. माझ्या सहव्यवसायी मित्रांना विनंती एवढीच की, ‘माशाची ॲलर्जी’ हे शब्द लिहिण्यापूर्वी वरील तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आणि घरी परतल्यावर फ्रिजमधून एक डबा काढून, खोबरे खवून, कांदा चुरून, मुलांना सोबत घेऊन एक कोशिंबीर करून पाहावी. मुलांनी स्वतः कालवलेली कोशिंबीर मुले बहुधा संपवतात, हा बालरोगतज्ज्ञाचा अनुभव आहे.